मागे न जाणाऱ्या गाडीचा मागचा दिवा

पुढे जाणे हा सरकारचा, गाड्यांचा आणि घरंदाज बायांचा धर्म आहे. मागे सरकतात ते झिंगे, आणि आहेराची वेळ आली की काही सोयरे.

वांकिडीच्या बयनाबाईंनी हा धर्म जन्मभर पाळला. त्या जन्मल्या निजामाच्या रियासतीत, परकर नेसू लागल्या हैद्राबाद राज्यात, सासरी आल्या आंध्र प्रदेशात आणि म्हाताऱ्या झाल्या तेलंगणात. हे सगळं बैलगाडीनं दुपारपर्यंत आटोपेल एवढ्या मुलखात झालं. राज्यं पुढे जात राहिली, बयनाबाई ओट्यावर बसून राहिल्या, आणि प्रगती दोघांचीही झाली. (शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या. तिसरीपर्यंत मास्तर टिकला नाही.)

त्यांच्या घरी एक जुनी निळी व्हॅन होती. कापसाच्या दिवसांत वेचणाऱ्या बाया नेई, लग्नसराईत वऱ्हाडं. ही व्हॅन घेतल्या दिवसापासून कधी मागे गेली नव्हती. कारण साधं आहे. घरातून निघालेला माणूस काही विसरून परत फिरला, तर त्याला घडीभर बसवून पाणी पाजतात, मगच दोष जातो. गाडीला पाणी पाजायची सोय बोनेटखाली होती. पण तिला बसवायचं कसं, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा मागे न फिरणंच सोयीचं, असा बयनाबाईंनी हुकूम काढला.

हुकुमाची अंमलबजावणी चोख झाली. गोठ्याची भिंत फोडून अंगणाला दुसरं फाटक केलं: एक येण्याचं, एक जाण्याचं. गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला तर ट्रॅक्टर मागे जाई. वळायला जागा नसली तर ड्रायव्हर चंपतराव पुढच्या गावाला जाऊन वळून येई. मागे जाताना झालेले अपघात: शून्य. पुढे जाताना झालेले: कोंबड्या सोडून दोन.

मग एका दसऱ्याला सरकारनं आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले. वांकिडी नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेली आणि बेला जुन्यातच राहिलं. बयनाबाईंचा नातू चिंतामणी, त्याची नवरी बेल्याची. सोयरीक एका जिल्ह्यात ठरली आणि लग्न दोन जिल्ह्यांत लागणार, ही प्रगती नाही तर काय.

तुळशीचं लग्न उरकलं की वऱ्हाड निघणार होतं, आणि नेमका त्याच सुमारास व्हॅनचा फिटनेसचा दाखला संपत होता. चंपतराव गाडी घेऊन नव्या जिल्ह्याच्या गावी तपासणीला गेला. तिथला साहेब मागे उभा राहून म्हणाला, "रिव्हर्स डालो." चंपतराव खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, इस गाडी में रिवाज नहीं है." साहेबाच्या कागदावर रिवाजाचा रकाना नव्हता. त्यानं जो होता त्यात लिहिलं: मागचे पांढरे दिवे बंद, दुरुस्त करून आणावे. नव्या जिल्ह्यात असा झटपट निकाल लागतो, हे कौतुकानं सांगितलं पाहिजे.

ही बातमी चहा उकळायच्या आत शेजारच्या सोजरबाईकडे पोचली. सोजरबाईनं पोळ्याला नवी जीप घेतली होती. ती कुंपणाशी येऊन गोड आवाजात म्हणाली, "बयनाबाई, जिवाला लावून नका घेऊ. आमची जीप हाय ना. तुमी मांगच्या शिटावर बसा ऐसपैस."

"तुह्या जीपमंदी माह्यी कोंबडी बी बसनार नाई," बयनाबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला. आता व्हॅन पास होणार, नाहीतर नातवाच्या लग्नाला आजी पायी जाणार.

दुरुस्तीसाठी फाट्यावरचा मिस्त्री डोमाजी आला. दुरुस्तीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. मुलगा सुधाकरराव स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवी, डोमाजी काहीतरी बदली, आणि बयनाबाई गाडीमागे कमरेवर हात ठेवून दिव्याकडे बघत. पहिल्या दिवशी बल्ब बदलले. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलला, तिसऱ्या दिवशी वायर नवी ओढली, चौथ्या दिवशी जिथं तार पत्र्याला जोडतात तिथला गंज घासून पत्रा आरशासारखा केला. त्या पत्र्यात बयनाबाईंना आपलं तोंड दिसलं, पण उजेड दिसला नाही. मागचा गिअर टाकल्याशिवाय तो दिवा लागत नाही, हे डोमाजीला ठाऊक होतं, सुधाकररावाला ठाऊक होतं, चंपतरावाला तर साहेबानंच सांगितलं होतं. पण त्या अंगणात "मागं" हा शब्द कोणी काढत नसे. (घरात शिस्त असली की असं होतं.)

पाचव्या दिवशी सून कुसुमबाई चहा घेऊन आली. कप देता देता म्हणाली, "आत्याबाई, गाडी मांगं टाकल्याबिगर तो दिवा लागतच नाई. माह्या माहेरच्या टेंपोचा बी नाई लागत."

कोणी चहा प्यायला नाही.

"काऊन रे डोम्या," बयनाबाई म्हणाल्या, "हे तुले मालूम होतं?"

"होतं मावशी."

"मंग चार दिवस काय करून राह्यला होता?"

"दुरुस्ती."

बयनाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि विचार केला. मागं म्हणजे कुठं? जिथून निघालो तिकडं. मग गाडीचं तोंड घराकडं आणि शेपूट आसिफाबादेकडं केलं, तर मागचा गिअर टाकून गाडी पुढंच जाईल. नियम मोडला नाही, गाडीची बाजू तेवढी बदलली. अशी सोय सरकारला सुचायला समिती लागते.

गाडी फिरवून उभी केली. सुधाकररावानं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊन गिअर टाकला. झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखी गाडी ओरडली आणि सरकली. दिवा लागला नाही. डोमाजी खाली शिरला. गिअरबॉक्सवर एक बोंडाएवढा स्विच असतो, तो गिअर टाकला की दबतो आणि दिवा पेटतो. इतकी वर्षं त्याला कोणी दाबलंच नव्हतं, तो मातीत घट्ट बसला होता. डोमाजीनं तो घासला, चारदा दाबला. दिवा लागला. अख्खी गल्ली पाहायला जमली.

"इतका पांढरा असते काय तो," बयनाबाई म्हणाल्या. आवाजात जरा मायाच होती.

तपासणीच्या कचेरीत व्हॅन फाटकापासून उलटीच शिरली. परीक्षेची इतकी तयारी साहेबानं पाहिली नव्हती, त्यानं लगेच पास केलं. बेल्याला मांडवाची गल्ली पुढं बंद होती. व्हॅन तिच्यात शेपटाकडून शिरली, दिवे लख्ख लावून. नवरीची आई ओवाळायला बोनेटकडे धावली होती, ती ताट घेऊन मागच्या दाराशी आली. मागून सोजरबाईची जीप आली, ती सरळ तोंडानं. पाठवणीच्या वेळी तिला सगळ्यांच्या देखत मागे मागे जात बाहेर पडावं लागलं. बयनाबाईंनी तिला पाणी पाठवलं.

वांकिडीच्या मोठ्या घरांची ही रीतच असावी, असं बेल्यानं धरलं. आता तिथं वऱ्हाड तोंडाकडून आलं तर लोक कुळ विचारतात.

बयनाबाई मात्र अजून त्या प्रवासाचं सांगतात. परतीला मांडवापासून निघताना चंपतराव गिअर बदलायला विसरला आणि व्हॅन घडीभर उलटीच निघाली, तेव्हा मागची सगळी माणसं काही न बोलता दोन्ही बाजूंना झाली. केवढा मान दिला, त्या म्हणतात.

मागचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही, तो मागच्यांसाठी असतो. तुम्ही भरधाव पुढं चालला आहात अशी तुमची खात्री असेल, आणि तुमच्या घरातली, कचेरीतली माणसं काही न बोलता भराभर बाजूला होत असतील, तर कोणा कुसुमबाईला चहा घेऊन यायला सांगा.