ओपलमावशीचं राहतं घर

ओपलमावशीला खारवलेलं डुकराचं तंगडं हवं होतं आणि लागली होडी. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमच्या खोऱ्यात दर ऑक्टोबरात बंबवाल्यांची सोडत असते. बंबवाले म्हणजे गावातलेच बिनपगारी दहा जण. त्यांना बंबाचे टायर बदलायचे असतात म्हणून ते डॉलरला एक तिकीट विकतात आणि आपलंही घर कधीतरी पेटेल या भीतीनं गाव ते घेतं. बक्षीस लागावं अशी कुणाची फारशी अपेक्षा नसते. पण त्या वर्षी आमच्याकडचा दातांचा डॉक्टर शहरात राहायला निघाला आणि जाताना आपली मासेमारीची होडी बंबवाल्यांना देऊन गेला. सोळा फूट लांब, लालभडक, मधोमध गोल फिरणारी खुर्ची, खाली चाकांचा गाडा. आता आमच्यापासून तळं चाळीस मैलांवर आहे ही गोष्ट वेगळी.

बंबप्रमुख होबर्टनं डब्यात हात घातला आणि नाव वाचलं. ओपल रॅटलिफ. टाळ्या पडल्या. मावशी काठी टेकत पुढं गेली.

"होबर्ट, दुसरं बक्षीस काय होतं रे?"

"खारवलेलं तंगडं. ते पोस्टमनच्या बायकोला लागलं."

"मग होडी तिला दे आणि तंगडं मला दे."

"असं कसं, मावशी? ज्याची चिठ्ठी त्याचं बक्षीस. कागदपत्रं तुझ्या नावावर झालीसुद्धा."

मावशी एकोणसाठ वर्षांची. सव्वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात मशीनपुढं उभी राहिली आणि उजवा खुबा झिजवून घरी आली. काम होत नाही असा डॉक्टरांचा दाखला मिळाला, त्यावर राज्य सरकारचं आरोग्यविम्याचं कार्ड मिळालं आणि त्या कार्डावर खुब्याचं ऑपरेशन एकवीस नोव्हेंबरला ठरलं. तिचा नवरा वर्जिल टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळं खोरं फुलं घेऊन टेकडी चढतं. दोन वर्षं मावशी पायथ्याशी भावाच्या गाडीत बसून राहिली आणि फुलं दुसऱ्याच्या हाती वर पाठवली. ते तिला फार लागलं होतं. "वर्जिलला वाटत असेल, ही रुसली की काय," असं ती म्हणायची आणि मग समोर येईल त्याच्यावर उगाच खेकसायची. येत्या मे महिन्यात टेकडी चढायचीच, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

सोडतीनंतर चौथ्या दिवशी कार्डाच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. प्रश्न चौदावा: गेल्या वर्षभरात कोणती नवी मालमत्ता मिळाली?

धाकटा भाऊ डेन्व्हर शेजारीच बसला होता. खाणीतून निवृत्त झाल्यापासून सल्ले देणं हाच त्याचा धंदा. "ताई, तेवढी ओळ कोरी सोड."

"खाली सही करायची आहे मला. खरं लिहिलंय म्हणून."

"अगं, होडी म्हणजे काय मालमत्ता आहे?"

"मग काय आहे? बदक?"

तिनं चष्मा लावला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "एक होडी. मला नको होती."

दहा दिवसांत उत्तर आलं. दोन हजार डॉलरवर मालमत्ता असणाऱ्याला हे कार्ड मिळत नाही, होडीची किंमत नऊ हजार आहे, सबब महिनाअखेरीस कार्ड बंद. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. पत्रातल्या नंबरावर मावशीनं फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई दोन तास सांगत राहिली आणि मग फोन तुटला. दुसऱ्या दिवशी मावशी डेन्व्हरला घेऊन थेट तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसली.

खिडकीमागं ट्रीना होती. तिची आई मावशीबरोबर कारखान्यात बाह्या जोडायची, त्यामुळे ओळख जुनी.

"मावशी, होडी विकून टाक ना."

"घेतं कोण? या खोऱ्यात नऊ हजार बाळगणारा एकच माणूस होता. तोच तर ती टाकून गेला."

"मग थोडी स्वस्तात दे."

"देते. शंभरात दे म्हणालीस तरी देते."

ट्रीनानं जाड पुस्तक उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "नाही गं. कमी किमतीत दिली किंवा फुकट दिली, तरी पूर्ण किंमत तुझ्याच नावावर धरतात."

"म्हणजे ठेवली तरी माझी आणि दिली तरी माझी?"

"हो."

"अशी वस्तू मी जन्मात पाहिली नाही," मावशी म्हणाली. "बरं, काय काय धरत नाहीत ते तरी सांग."

ट्रीना वाचू लागली. "एक गाडी. लग्नाची अंगठी. स्वतःची शवपेटी. आणि स्वतःच्या मालकीचं राहतं घर."

"ताई, शवपेटी!" डेन्व्हर ओरडला. रांगेतल्या दोन बायकांनी हळहळून मावशीकडे पाहिलं.

मावशीनं काठीनं त्याच्या बुटावर हलकेच टोला दिला. ती राहत होती ती जागा डेन्व्हरच्या चाकांवरच्या घरातली मागची खोली. तिच्या नावावर घर नव्हतं. तिच्या नावावर होडी होती.

आता आमच्या लोकांची एक खोड आहे. कुणी अडचणीत आलं की आम्ही विचार करत नाही, आम्ही घेवडा शिजवतो. डेन्व्हरनं चर्चमध्ये बहिणीची कहाणी सांगितली आणि शनिवारी बंबवाल्यांच्या शेडमध्ये तिच्या मदतीसाठी जेवण ठेवलं गेलं. घेवडा, मक्याचा पाव, कोबी आणि शेवटी घरोघरच्या ॲपल पायचा लिलाव. बँजो वाजला. पाद्रीबुवा हेस्टर नोटांनी भरलेला कॉफीचा डबा घेऊन उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "ओपल, तीन हजार एकशे चाळीस डॉलर! सगळे तुझे!"

मावशीनं दोन्ही हात झटकन पाठीमागं नेले.

"डबा माझ्या हातात देऊ नका!"

"अगं, प्रेमानं दिलेत."

"प्रेमानं दिले तरी मालमत्ताच ती! होडीनं एकदा बुडाले, आता डब्यानं बुडवता का?"

जिचा ॲपल पाय सगळ्यात जास्त बोलीला गेला होता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाद्रीबुवा डबा पुढं करायचे आणि मावशी मागं सरकायची, असं करत दोघं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली होती. दाराशी पाठ टेकल्यावर ती थांबली. लोकांचे हिरमुसलेले चेहरे बघून तिला भरून आलं आणि भरून आलं की तिचा आवाज चढतो.

"ऐका! तुमचा जीव आहे माझ्यावर, कळतंय मला. हे पैसे बंबाच्या टायरांना द्या. मला पैसे नकोत, उद्या सकाळी चार धट्टेकट्टे गडी हवेत. एक ताडपत्री हवी. आणि कुणाकडं जुनी पत्रपेटी असेल तर ती द्या."

"कशाला, मावशी?" होबर्टनं विचारलं.

"मी घर बदलतेय."

रविवारी चर्च सुटल्यावर चारांच्या जागी चौदा जण आले. होडी डेन्व्हरच्या अंगणात आणून तिच्या चाकांना विटा लावल्या. वर बांबूंवर ताडपत्री ताणली. होबर्टनं रस्त्याच्या कडेला खांब ठोकून पत्रपेटी बसवली, पोस्टमननं तिच्यावर रंगानं बारा-अ लिहिलं आणि जाताना, खजील होऊन, अर्धं तंगडं ठेवून गेला. आत गादी आली, विजेची शेगडी आली, वर्जिलचा फोटो आला. होडीच्या काठावरून मावशीला आत चढवायला तिघे लागले.

"ताई, पत्ता लिहिला ना, झालं," डेन्व्हर काकुळतीला आला. "आता आत चल. दहा पावलांवर तुझी गरम खोली आहे."

"ती तुझी आहे. कागदावर राहतं घर लिहायचं तर तिथं राहायला नको?"

"थंडीनं आखडशील."

"आखडलेलीच आहे मी. म्हणून तर ऑपरेशन आहे."

आणि ती खरोखर तिथं राहिली. तीन गोधड्या, डोक्याला वर्जिलची खाणीतली टोपी. खुबा इतका ठणकायचा की सकाळी तिचं तोंड पांढरं पडलेलं असायचं, पण कुणी विचारलं की म्हणायची, "झकास आहे, वारा चांगला येतो."

कार्ड बंद व्हायला एक दिवस उरला असताना ट्रीना तपासणीला आली. तिलाही तिघांनी आत चढवलं. बसायला एकच जागा होती, ती गोल फिरणारी खुर्ची. ट्रीना फॉर्म मांडीवर घेऊन बसली आणि लिहिताना नकळत डेन्व्हरच्या घराकडं वळली.

"इकडं, इकडं," मावशीनं तिला काठीनं परत फिरवलं.

"छप्पर?"

"ताडपत्री."

"स्वयंपाकाची सोय?"

"घेवडा शिजलाय. खाऊनच जायचं."

"टपाल येतं का इथं?"

"तुझंच पत्र आलंय. कार्ड बंद करतोय म्हणून."

ट्रीनानं पेन खाली ठेवलं. "मावशी, खरं सांगू? तू इथं थंडीनं मरशील."

"मेले तर होडी शवपेटी म्हणून लिही. तीही धरत नाहीत ना?"

ट्रीना हसता हसता रडायला लागली. मग तिनं नाक पुसलं. घराचा प्रकार या रकान्यात विटांचं, लाकडी, चाकांवरचं आणि इतर असे चार चौकोन होते. तिनं 'इतर'वर खूण केली आणि सही ठोकली.

कार्ड राहिलं. एकवीस तारखेला ऑपरेशन झालं, छान झालं. पण रुग्णाला नोंदलेल्या राहत्या घरीच सोडावं असा नियम असल्यामुळे रुग्णवाहिकेवाल्यांनी मावशीला स्ट्रेचरवरून डेन्व्हरच्या उबदार दारासमोरून नेलं आणि होडीत ठेवलं. डेन्व्हर दारात कॉफीचा कप घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सरकारी नर्स आली. तिनं फीत काढून होडीचा काठ मोजला, मान हलवली आणि वहीत लिहिलं, "घर रुग्णासाठी धोक्याचं." झालं, आता घरही गेलं आणि कार्डही, असं मावशीला वाटलं.

आठवड्यानं सरकारी ट्रक आला. दोन सुतार उतरले. त्यांनी होडीपर्यंत बावीस फुटांचा लाकडी रॅम्प बांधला, दोन्ही बाजूंना कठडे लावले, गादीशेजारी धरायला दांडा बसवला, ताडपत्री काढून पक्कं छप्पर चढवलं आणि एक हीटर जोडून दिला. खर्च अर्थातच कार्डावर.

डेन्व्हर सगळं बघत होता. "साहेब, माझी पुढची पायरी तीन वर्षं मोडलीय."

"तुमच्याकडं होडी आहे?" सुतारानं विचारलं.

मेच्या शेवटच्या रविवारी मावशी टेकडी चढली. काठी होती, पण ती बरीचशी डेन्व्हरला ढोसायला. दोनदा थांबली. वर पोचल्यावर तिनं फुलं स्वतःच्या हातानं ठेवली, वर्जिलच्या दगडावरचं शेवाळ रुमालानं पुसलं आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसली. आम्ही लांब उभे होतो. अधूनमधून 'होडी' हा शब्द ऐकू यायचा.

ऑक्टोबरात पुन्हा फॉर्म आला. प्रश्न चौदावा तसाच होता.

"ताई," डेन्व्हर हात जोडून म्हणाला, "या वेळी तरी कोरं सोड."

मावशीनं चष्मा लावला, फिरत्या खुर्चीत नीट बसली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "एक रॅम्प, बावीस फूट. दोन कठडे, एक दांडा, एक छप्पर, एक हीटर. मी मागितले नव्हते. किंमत तुमच्याकडंच असेल."