दंतवैद्याचे आभाळ

"बाबा, तोंड उघडा," दंतवैद्याने पुन्हा फर्मावले आणि त्याच्या सासऱ्यांनी ओठ अधिकच आवळले.

त्यांचा गाल टम्म सुजला होता आणि दाढ आजच काढणे भाग होते. पण त्यांची नजर छतावर खिळली होती. खुर्चीत आडव्या झालेल्या रुग्णाच्या मनातली भीती ओसरावी, म्हणून दंतवैद्याने तिथे मोठ्या हौसेने निळे आभाळ आणि त्यात एक शुभ्र ढग रंगवून घेतला होता.

"वर मगर आहे," सासरे मिटल्या ओठांतून पुटपुटले. "जबडा वासून बसलीय. तिच्यासमोर मी तोंड उघडायचा नाही."

"तो ढग आहे."

"तुमच्यासाठी असेल, जावईबापू. तुम्ही उभे आहात."

दंतवैद्याच्या कपाळाची शीर तटतटली. दार उघडे असल्यामुळे हा संवाद बाहेर ताटकळणाऱ्यांनी चवीने ऐकला होता. प्रथम शिंपी आत शिरला आणि मान वाकडी करून त्याने निकाल दिला, "मगर कसली? उलटी बसवलेली बाही आहे. कुणी शिवली ही?" त्याच्यामागून आलेल्या ट्रकचालकाला तिथे घाटात पलटी झालेला ट्रक दिसला; घाम पुसत तो जो बाहेर पडला, तो परतलाच नाही.

"गेलं एक गिऱ्हाईक," टेबलामागून दंतवैद्याची बायको म्हणाली.

"रुग्ण म्हण. आणि बाबा, तुम्ही उठू नका."

सासरे चपला चाचपडत होते. सख्खा सासराच सुजल्या गालाने निघून गेला, तर उद्या या दाराशी चिटपाखरूही फिरकणार नाही, हे दंतवैद्याला उमगले आणि त्याचा संताप अनावर झाला.

"अहो, कशाला एवढं डोकं फिरवून घेता?" बायको म्हणाली. "एकदा स्वतः आडवं होऊन बघा की."

"बघतोच. आणि मग एकेकाकडे बघतो."

सासऱ्यांना उठवून त्याने दाणकन खुर्चीत अंग टाकले. इतक्या वर्षांत तो या खुर्चीत प्रथमच आडवा होत होता. क्षणभराने त्याच्या भुवया सैलावल्या आणि डोळे विस्फारले.

"मगर नाहीये ती," तो खोल आवाजात म्हणाला.

"मी तेच सांगत होतो," शिंपी म्हणाला.

"लांडगा आहे. माझ्याकडेच बघतोय."

एवढे बोलून त्याने जो आ वासला, तो तसाच राहिला. सासरे चष्मा सावरून वाकले.

"जावईबापू, मागची दाढ पार काळी पडलीय हो तुमची."

"बघू," बायको लगबगीने आली. "अगं बाई. आणि दुनियेला दात घासायला शिकवतात."

दंतवैद्याने ओठ घट्ट मिटले. सासऱ्यांनी दिवा त्याच्या तोंडावर वळवला आणि अत्यंत प्रेमळ अधिकाराने म्हटले, "चला, आ करा."

"आधी," दातांवर दात दाबून दंतवैद्य गुरगुरला, "तो लांडगा पुसा."