दसऱ्याला मागवलेले लाल मणी

तळोद्याच्या पेठेत पितांबरशेठइतका हुशार दुकानदार दुसरा नव्हता. असं कोण म्हणायचं? स्वतः पितांबरशेठ!

"सायेबना मुलुकमा नाताळले कारखाना बंद पडतस," तो समोरच्या दुकानदाराला, भाईदासला ऐकवायचा. "भट्टी थंड, मजूर घर! मंग माल कोण करी, तुन्हा आजा? म्हनीसन ऑर्डर दसऱ्यालेच देवानी! अक्कल लागस, भाईदास!"

माल म्हणजे काचेचे लाल मणी. होळीआधीच्या बाजाराला डोंगरातल्या बायका तळोद्याला उतरत आणि गळाभर मणी घेऊन जात. गेल्या वर्षी पितांबरचा माल नाताळात अडकला, होळी उलटल्यावर आला आणि सगळी गिऱ्हाइकं भाईदासने पळवली. म्हणून यंदा त्याने डोंगरातल्या मोलगी गावच्या कालीबाईला भर पेठेत शब्द दिला होता, "मणी नई उनात ते दुकानले कुलूप लावसू!"

आणि माल खरंच वेळेवर आला! बोटीने मुंबईला, आगगाडीने नंदुरबारला. मिशीला पीळ देत पितांबर गाडीवान नवलसिंगच्या झोपडीवर गेला. नवलसिंग जमिनीवर बसून होळीच्या नाचात कमरेला बांधायचे भोपळे रंगवत होता.

"गाडी जुंप! नंदुरबारथून पेटी आननी शे."

"शेठ, मी होळीनी पाळणी धरी शे. व्रत सुटस तवलोंग खाटवर बसानं नई. मंग गाडीवर कसा बसू?"

"चालत हाक!"

"दुसरानं काम बी करानं नई." नवलसिंग हसला. "गोरा सायेबना सण तुले ठाऊक, अन् आमना नई?"

पितांबर दुसऱ्या गाडीवानाकडे, करमसिंगकडे धावला. पाळणी! रेवजीकडे धावला. तिथेही पाळणी! जो तो मोरपिसं आणि घुंगरं घेऊन बसलेला. पितांबरचा चेहरा उन्हात विसरलेल्या वांग्यासारखा सुरकुतला.

"बुडनू वं!" घरी येऊन त्याने कपाळाला हात लावला. "आते कुलूप लावाले भाईदासच ई!"

त्याची बायको भिकुबाई पुरणाची डाळ निवडत होती. तिने सूप बाजूला सारलं. "मन्हा भाऊना बैल शेतस ना? गाडी मी हाकसू."

"बाईमाणूस गाडी हाकी? लोके काय म्हनतीन?"

"मंग तुम्हीन हाका!"

पितांबरने हाकली. बैल सरळ कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरले आणि चरू लागले! शेवटी भिकुबाईनेच पदर खोचून कासरा धरला.

नंदुरबारहून पेटी घेऊन परतताना तापीच्या पात्रात चाकं रुतली. "ढकला ना जोरमा!" भिकुबाई वरून ओरडली. विलायतेचे सण तोंडपाठ असलेला शेठ गुडघाभर चिखलात उभा राहून ढकलत होता. पेटी कलंडली तर? बैल बसले तर? कालीबाई भाईदासकडे गेली तर?

गाडी पेठेत शिरली तेव्हा बाजार भरलेला होता, आणि कालीबाईचा एक पाय भाईदासच्या पायरीवर होता!

"कालीबाई, थांब! लाल मणी!"

कालीबाईने वळून पाहिलं. चिखलाने माखलेला शेठ बघून ती खो खो हसली आणि पाय मागे घेतला. संध्याकाळी पेटी रिकामी!

होळीला पितांबर आंघोळ करून, छाती फुगवून पाटावर बसला. "पाह्यं मन्हं डोकं? वाढ पुरणपोळी!"

चूल थंड होती. डाळ तशीच सुपात होती. भिकुबाई दुखरी कंबर धरून खाटेवर आडवी झाली होती.

"सण शे. कारखाना बंद शे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "ऑर्डर दसऱ्याले देवानी व्हती!"