दुसरा मुराळी

मुन्शीमामांच्या घरचं जेवणाचं आवतण आम्हाला तीनदा येई. आधी पुढच्या दारानं गणपा न्हावी सांगून जाई. मग मागच्या परसातून त्यांची मोलकरीण. आणि शेवटी मधल्या गडग्यावरून खुद्द मामांचा फेटा वर येई.

"मिळालं का आवतण?"

"दोनदा मिळालं की!" मावशी म्हणायची. "मधी एक गडगा हाय नुस्ता, मुन्शीजी!"

"असूं द्या. एका दोरावर पोहरा सोडू न्हाई."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी माजलगावला मावशीकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते माझ्या कानावर पडलं. मी फारसं बोलत नसे, त्यामुळे माणसं माझ्यासमोर मोकळेपणी बोलत. मामा तर कुणाहीसमोर मोकळेच असत. निजामाच्या डाकेत ते मुन्शी होते आणि निरोप पोचणं हा त्यांचा धर्म होता.

पुतण्याच्या मुंजीला त्यांनी दिंद्रुडच्या वाजंत्र्याला दोन वाटांनी सुपारी धाडली. एक माणूस बापाला भेटला, दुसरा त्याच्याशी भांडून वेगळ्या झालेल्या लेकाला. मुंजीच्या सकाळी दोन ताफे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर सनया फुंकू लागले. मुंज्याच्या कानात सांगितलेला मंत्र मुंज्यालाही ऐकू गेला नाही. मामा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून समाधानानं म्हणाले, "म्हंजे दोन्ही वाटा चालू हायेत."

गावात तार आली, तेव्हा लोक खांबाला कान लावून आतलं बोलणं ऐकू पाहत. मामांनी खांबांकडे एकदा नजर टाकली. "तार लई चांगली. पर तारंला खांब लागतो, अन् खांबाला बैल अंग घासतो. पुरात तर इचारूच नका."

म्हणून त्यांनी तारेला जोड म्हणून हलगीची वाट बांधली. माजलगावापासून नदीकाठानं खालच्या वाडीपर्यंत प्रत्येक वस्तीत एक हलगीवाला. 'कान द्या'चा एक ठेका, 'पाणी आलं, वर जा'चा दुसरा, 'पोचलं'चा तिसरा. एकानं वाजवायचं, पुढच्यानं ऐकून पुढे द्यायचं. ओलसर हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, ते शेकायला प्रत्येकाकडे कोरडा कडबा हवाच. सासूनं सुनेचे डबे उघडावेत तसे मामा वस्तीवस्तीला जाऊन कडबा हुंगून बघत.

"न वापरलेल्या वाटंवर गवत उगवतं," म्हणून रोज दुपारी तालीम असे. तहसीलदारांच्या झोपेची तीच वेळ. त्यांचा चपराशी धावत येई.

"मुन्शीजी, साहेबांची नींद हराम झाली. म्हणतेत, कावून वाजवता रोज?"

"साहेबांना सलाम सांग. अन् म्हणावं, पूर इजाजत घेऊन येत न्हाई."

खालून 'पोचलं' परत येई. त्यानंतर दोन हलके ठोके येत, तेव्हा मामा घरी जेवायला जात. ते दोन ठोके म्हणजे वाजवणाऱ्याची हौस असावी, असं मला वाटे.

श्रावणातली एक दुपार. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. वरच्या अंगानं डाकेचा हरकारा धापा टाकत आला. पाटोद्याकडे ढगफुटी झाली होती आणि सिंदफणा दोन्ही थड्या भरून खाली येत होती. तारेचा खांब तिनं आधीच उपटला होता. वाडी नदीच्या वळणात, अगदी सखल जागी. मामांनी घोडेस्वार पिटाळला आणि त्याच वेळी हलगी उचलायला लावली. घोडेस्वार पहिल्याच ओढ्याशी अडकला. हलगी पुढे गेली.

आम्ही सगळे पांढरीच्या टेकाडावर उभे होतो. पाण्याच्या गर्जनेत काही ऐकू येईना. बऱ्याच वेळानं खालून ठेका आला. 'पोचलं.' वाडी वर चढली होती! लोकांनी एकच गलका केला, चपराशानं तर मामांना मिठीच मारली.

"गप बसा बे!" मामा ओरडले. त्यांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. कानामागे हात धरून ते तसेच उभे राहिले. मग ते आले. दोन हलके ठोके. मामांनी कानामागचा हात खाली घेतला.

"गंगू हाय ती," मावशी माझ्या कानात म्हणाली. "त्यांची लेक."

गंगू वाडीला दिलेली. पहिल्या दिवाळीला तिला आणायला मामांनी दोन मुराळी पाठवले, एक गाडीवाटेनं, एक नदीकाठानं. व्याही भडकले. "एकदा सांगून आमाला कळत न्हाई? भरवसा न्हाई आमच्यावर?" दोघांनाही हात हलवत परत धाडलं. तेव्हापासून गंगू माहेरी आली नव्हती. सगळ्या तालुक्याचं टपाल पोचवणाऱ्या मामांचा निरोप त्या उंबऱ्याच्या आत जात नव्हता. पण रोज दुपारी वाडीची हलगी थांबली, की गंगू परसात परातीवर दोनदा थाप मारी. वाडीचा हलगीवाला ती उचलून पुढे देई, आणि कुठल्याही वस्तीनं कधीही काही न विचारता ती माजलगावापर्यंत आणून पोचवली होती.

पाणी ओसरल्यावर मावशीची गाडी वाडीला भाकरी घेऊन निघाली. मी गडग्यापाशी गेले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मामा, मी जाते वाडीला. महालक्ष्म्यांना गंगूताईला पाठवा, म्हणून विचारू त्यांना?"

त्यांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला.

"इचार," म्हणाले. "पर एकदाच इचार, पोरी."

गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा मी मागे पाहिलं. गणपा न्हावी पायात वहाणा घालून नदीकाठच्या वाटेला लागायला तयार उभा होता, आणि मामांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं होतं.