त्र्याहत्तर भोकांचं कार्ड

पौलसतात्यांना आमच्या गावात कुणी चहाला बोलवत नाही. कारण ते येताना खिशात ब्लेड घेऊन येतात.

घाबरू नका, ब्लेड माणसांसाठी नाही. आम्हा कॅथलिकांच्या घरात लग्नात मिळालेलं एक बायबल असतंच असतं. ते शोकेसमध्ये काचेमागं, प्लास्टिकच्या कव्हरात उभं असतं. शेजारी प्लास्टिकची फुलं आणि पोराला धावण्याच्या शर्यतीत मिळालेला कप. नाताळात त्याच्यावरची धूळ पुसायची, की आमचा धर्म झाला. तात्या येतात, चहाला आधण ठेवायच्या आत शोकेस उघडतात आणि सर्रकन कव्हर फाडतात.

"श्वास घिऊ द्या त्याला! लग्नाला पंचवीस वर्सं झाली आन् अजून तोंड बघितलं न्हाई व्हय?"

माझ्या बायबलचंही असंच केलं. माझं कव्हर साधंसुधं नव्हतं. शिवणकाम हा माझा धंदा. लाल मखमल, चारी बाजूंनी सोनेरी लेस, मी स्वतः शिवलेलं. मेल्यानं दोन मिनिटांत चिंध्या केल्या. मी कात्री घेऊन धावले तर म्हणतात कसे, "आन ती कात्री, आतली पानंबी चिकटल्यात बघ!"

आणि खरंच चिकटली होती हो. शरमेनं मी कात्री खाली ठेवली.

तात्या म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर. उभी हयात कोपरगावच्या गाडीवर काढली. गाडी सुटली पण तोंडातून कंडक्टर काही सुटला नाही. चर्चमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मोठ्या माणसांचा बायबलचा क्लास सुरू केला, तोही त्याच थाटात. मागं बसलं की, "पुढं सरका, पुढं जागा हाय!" कुणी वाचायला सुरुवात करायची, तर आधी "डबल बेल!" नुसत्या नावांची वंशावळ आली आणि आम्ही पेंगायला लागलो की, "घाट हाय. डुलकी काढा, पन उतरू नका. म्होरं रस्ता झ्याक हाय."

पोरांना शिकवायला सिस्टर आहेत, मास्तर आहेत. पण आठव्या-नवव्या वर्षी चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तशरीराचा प्रसाद घेतला, घरी त्याचा लाडू खाल्ला, पांढरा झगा ट्रंकेत गेला, की आम्ही शिकायचं बंद. तात्यांचा सगळा राग त्यावर. "ल्हानपनीची चड्डी आता हुती का तुमाला? मग ल्हानपनीचं बायबल कसं पुरतंय?"

त्यांनी जुन्या बाजारातून तिकिटाला भोक पाडायचा पंच आणला होता. प्रत्येकाला एक कार्ड दिलं, त्यावर त्र्याहत्तर चौकोन, बायबलात जेवढी पुस्तकं तेवढे. एक पुस्तक वाचून झालं की एक भोक, कट! वरच्या आळीतले प्रोटेस्टंट पाव्हणे तोंडपाठ वचनं म्हणून दाखवायचे आणि आम्ही माना खाली घालायचो. तात्या म्हणायचे, "त्यांची सहासष्ट, आपली त्र्याहत्तर. सात जास्तीची मिळाल्यात, ती तरी उघडा रं!"

आणि काय सांगू, आम्हाला गोडी लागली. योना देवावर रुसून उन्हात बसतो ते वाचताना क्लासातला आमचा रॉबर्ट खुर्चीवरून पडेस्तोवर हसला. त्याची बायको म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्याच घरातलं लिहिलंय!" त्या जास्तीच्या सातांत तोबीतचं पुस्तक आहे. त्यात एक पोरगा देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो आणि मागं एक कुत्रं चालतं. तात्यांचा जीव त्या कुत्र्यावर. "ना कामाचं ना धामाचं, तिकीट न काढता निघालंय बघा! आन् देवानं त्याला उतरवलं न्हाई."

तात्या राहतात माझ्या घराला लागून, मधे एक भिंत. त्यांची बायको राहेलवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की भिंतीपलीकडून त्यांचा मोठ्यानं वाचायचा आवाज सुरू. मधेच थांबून "कळलं का?" असंही विचारायचे. मला वाटायचं, आमच्या क्लासची तालीम चाललीय.

आता भांडणाकडं येते. चर्चच्या समितीचे अध्यक्ष विन्सेंटराव. पांढरी सफारी, कडक इस्त्री. वर्षातून एकदा बायबल रविवार येतो, त्या दिवशी मिरवणुकीत मोठं बायबल डोक्यावर धरून पुढं चालायचा मान त्यांचा. मागच्या वर्षी ते असेच निघाले, डोळे मिटून, हार घातलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बायबल घेऊन. सगळा गाव हात जोडून उभा. आणि एकदम तात्या ओरडले,

"अध्यक्षसाहेब, गाडी रिव्हर्समदी चालली! पुस्तक उलटं हाय!"

होतं खरं उलटं. चर्चपासून वेशीपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायका पदरात हसल्या, फादरांनासुद्धा खोकल्याची उबळ आली.

विन्सेंटराव ते विसरले नाहीत. पुढच्याच बैठकीत म्हणाले, "पवित्र ग्रंथ वाचताना हॉलमध्ये खिदळणं चालतं. बायबल म्हणजे काय एसटी आहे का?"

"व्हय, एसटीच हाय," तात्या उभेच राहिले. "सगळ्यांना जागा हाय. उशिरा आलेल्यालाबी."

"असं? मग कुणी शेवटपर्यंत पोचलंय का? पुढच्या बायबल रविवारी एक तरी भरलेलं कार्ड दाखवा. नाही तर गुरुवारी हॉलला कुलूप."

"दावतो की! एक सोडून चार दावतो!"

एवढं बोलून आले आणि आमच्या मागं हात धुऊन लागले. मी मशिनवर बसले की खिडकीतून, "सुशे, कुठवर आली?" बाजारात भेटले तरी तेच. पण माझी लग्नसराई आली, रॉबर्टचा ऊस तोडणीला आला. माझ्या कार्डावर एक्केचाळीस भोकं, रॉबर्टच्या तीस. मी काही फार काळजी केली नाही. तात्यांचं स्वतःचं कार्ड आहेच की! माणूस रोज वाचतो, माझ्या कानांनी ऐकते मी.

बायबल रविवार आला. चर्चमधली मिस्सेची प्रार्थना झाल्यावर विन्सेंटराव माइक घेऊन उभे राहिले. आमची कार्डं पाहून झाली. मग ते हसून म्हणाले, "आता खुद्द कंडक्टरसाहेबांचं!"

तात्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. कोरं! एक भोक नाही.  तात्या ताठ उभे होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे गाडी रिकामीच होती," विन्सेंटराव म्हणाले. "लावा हॉलला कुलूप."

"हॉलला लावा," तात्या तिथूनच म्हणाले. "गुरुवारी माझ्या ओट्यावर बसू. ओट्याला कुलूप न्हाई!" आणि कुणाकडं न बघता चालू लागले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी घंटा झाली, भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा मी तरातरा त्यांच्या घरी गेले.

"लबाड माणूस! रोज वाचता ते काय मी ऐकत नाही? कोरं कार्ड दाखवून आमची अब्रू घालवलीत! हॉल घालवलात!"

तात्या खुर्चीत बसले होते. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. तिच्या पाठीवर एक हिरवं लुगडं घडी करून टाकलेलं. मधे स्टुलावर हळदीचे, तेलाचे डाग पडलेलं बायबल, आणि त्यात खुणेला एक कार्ड. मी ते ओढून काढलं. चाळणी झाली होती त्याची. वर तात्यांच्या अक्षरात नाव होतं, राहेल.

"हेच का नाही दाखवलंत?"

"ते माझं न्हाई. तिचं हाय," तात्या म्हणाले. "तिला अक्षर येत न्हवतं. लग्नात मिळालेलं बायबल रोज पुसायची आन् म्हनायची, एक पान वाचून दावा की. मी म्हनायचो, दमलोय, रिटायर झाल्यावर वाचू. सगळं आयुष्य असंच म्हनत आलो, सुशे. रिटायरला सा म्हैने हुते आन् ती गेली. कव्हर मी फाडलं ते तिच्या मातीच्या दिवशी. आता वाचतो मी, पन ऐकती ती. ज्याचा प्रवास त्याचं भोक. तिचं तिकीट माझं म्हनून कसं दावू?"

 काहीतरी करायचं म्हणून मी भोकं मोजली. बहात्तर.

"एकच तर राहिलंय, तात्या. शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण."

"त्यातलाबी शेवटचा अध्याय तेवढा राह्यलाय. दोन म्हैने झाले. रोज मागचंच परत वाचतो." त्यांनी लुगड्याकडं पाहिलं. "शेवटचा स्टॉप आला, की उतरावं लागतं ना."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. "काय बोलता तात्या! जन्मभर गाडीवर होतात ना? संध्याकाळी गाडी डेपोत गेली म्हणून सकाळी परत सुटत नाही का? लावा चष्मा!"

तात्यांनी काचा पुसल्या. मग चष्मा लावला. शेवटचा अध्याय वाचताना आवाज दोनदा अडकला, पण वाचला. पंच मात्र हातात नुसता धरून बसले. मी म्हटलं, "डबल बेल." कट!

त्र्याहत्तर. सकाळी पाहिजे होतं ते कार्ड संध्याकाळी भरलं. तात्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी फळीवरून एक कोरं कार्ड काढून त्यावर राहेल लिहिलं, खिशातलं स्वतःचं कोरं कार्ड त्याच्याशेजारी ठेवलं आणि बायबल पार पहिल्या पानावर नेलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर बसायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पहिलं पान वाचून झाल्यावर तात्या थांबले.

"कळलं का?"

ते समोरच्या हिरव्या लुगड्याकडं बघत होते. मला विचारलं नव्हतं.