मंडपवाले बिराप्पाशेठ उभे राहतात

बिराप्पाशेठ कुठल्याही समारंभाला गेले, की आधी मंडपाचा खांब हलवून बघतात. मंडप त्यांचा असो की दुसऱ्या कुणाचा. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते आणि हे गृहस्थ नवरदेवाच्या मामांमागे वाकून दोरी ओढत होते. मामांना वाटलं, चपला शोधतायत. त्यांनी पाय जरा बाजूला घेतले.

"गाठ कशी पायजे सर," ते मला नेहमी सांगतात, "वाऱ्यात धरली पायजे आन सकाळी एका झटक्यात सुटली पायजे." ही गाठ ते लहानपणी शिकले, मेंढरांभोवती लावायची जाळी बांधताना. वडील सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. बिराप्पा सोलापुरात आले ते मंडपाचे बांबू उचलायला. आज सात रस्त्याजवळ त्यांचं स्वतःचं गोडाऊन आहे आणि शहरातल्या सगळ्या पक्षांच्या सभा त्यांच्याच कापडाखाली होतात. त्यामुळे त्यांनी सगळे मोठे नेते पाहिलेत, पण पाठीमागून.

अशा माणसानं महापालिकेला अपक्ष म्हणून अर्ज भरला, आणि त्यांचा राजकीय सल्लागार झालो मी. त्यांनी नेमलं नव्हतं. मी शेजारी, त्यात निवृत्त शिक्षक. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे महापालिकेतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. माझा स्वतःचा निवडणुकीचा अनुभव म्हणाल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी मी एकदा उभा होतो. एकटाच होतो. तरी सभा तहकूब झाली.

मी जाहीरनामा लिहिला. पाण्याच्या पाळीवर एक पान, ड्रेनेजवर दोन. घरोघर जाऊन तो कसा समजावायचा, हेही ठरवून दिलं. शेठनी सगळं मन लावून ऐकलं आणि पहिल्याच घरात गेल्यावर कॉटवर मांडी घालून बसले. चहा घेतला. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, सून कुठली, सगळं विचारलं. मग त्यांना दिसलं की अंगणातली वाळत घालायची दोरी सैल झालीय. ती बांधून दिली. जाहीरनामा माझ्या हातातच राहिला.

अशा रीतीनं संध्याकाळपर्यंत आमचा एक बोळही अर्धाच झाला. समोरच्या पक्षाच्या उमेदवाराची गाडी तेवढ्या वेळात आमच्यासमोरून चार वेळा गेली. शेवटच्या घरी पद्माअक्का होत्या. पद्मशाली विणकरांच्या घरातल्या, घरच्यांशी तेलुगू आणि आमच्याशी मराठी. उभं आयुष्य मागावर गेलेलं. लेक बाळंतपणाला आलेली आणि बाळाच्या झोळीची दोरी तुळईवरून घसरत होती. शेठनी स्टूल मागवलं, झोळी नीट बांधली, आणि सुटायचं टोक अक्कांना नीट दाखवलं. "हे ओढलं की मोकळं," म्हणाले. निघताना त्यांनी प्रत्येक घरी सांगितलं होतं तेच इथंही सांगितलं, परत येतो म्हणून.

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. म्हटलं, शेठ, आपण मतं मागायला आलोय, पाहुणचाराला नाही.

"घरात बोलवत्यात, सर," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांच्या दारात गेलो, पण मागनं. खांब कुटं रोवायचा, खुर्च्या किती, संपलं. लोकांची लग्नं लावली, पंगतीला कुणी बस म्हनलं न्हाई. आमची बायकू सखू गेल्यापासनं घरात कोन कोन हाय, जेवला का, ह्ये इचारलंच न्हाई कुणी. आता उमेदवार झालो तर म्होरल्या दारानं या म्हनत्यात." आणि मागं त्या दाराकडं बघत म्हणाले, "पडलो तर येऊ देतील का वो?"

माझ्यातला सल्लागार जागाच होता. मी म्हटलं, पडलेल्याला कोण विचारतो? म्हणून तर निवडून यायचं. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून जाहीरनामा स्वतःच्या हातात घेतला.

प्रचार संपायच्या दिवशी आमची एकुलती एक सभा ठरली. त्याच संध्याकाळी पलीकडच्या मैदानात समोरच्या पक्षाची सभा, आणि तिचा मंडप अर्थातच बिराप्पाशेठचा. अर्ज भरण्याआधी शब्द दिलेला. खुर्च्या सगळ्या तिकडे गेल्या, आमच्याकडे सतरंज्या. तरीही माणसं जमली, त्यात पद्माअक्काही पुढेच बसलेल्या. मी लिहून दिलेलं भाषण शेठ चाचपडत वाचायला लागले. 'लोकशाहीच्या पवित्र मंदिरात' इथपर्यंत आले आणि वारं सुटलं.

त्यांनी वाचणं थांबवलं. पलीकडच्या मंडपाकडं कान लावला. कापड फडफडत होतं. "पूर्वेचा कोपरा," असं काहीतरी पुटपुटले, माईक माझ्या हातात दिला आणि पळत सुटले. आमचे श्रोते उठून त्यांच्यामागे. आता खरं तर मीही जायला हवं होतं. पण भाषण मी लिहिलेलं होतं आणि पुढचा परिच्छेद फार चांगला होता. तो मी सतरंज्यांना वाचून दाखवला.

तिकडे शेठ आणि त्यांची मंडपावरची माणसं खांबांना लोंबकळून उभी राहिली. हजार माणसांवर मंडप टिकला, कुणाला खरचटलंही नाही. वारं पडल्यावर मी तिकडे पोचलो, तर त्या पक्षाचे नेते स्टेजवरून वरुणराजाचे आभार मानत होते. वाऱ्याचा देव वेगळा, हे मी तिथंच कुणाला तरी सांगायला गेलो, पण ऐकतो कोण.

शेठ पडले. पडले म्हणजे चांगलेच पडले. त्यांच्या माणसांची नावं सगळी गावाकडच्या मतदारयादीत आहेत, हे त्यांच्या राजकीय सल्लागाराला मतदानादिवशी दुपारी कळलं.

त्यानंतर शेठ त्या बोळातून जाईनात. गोडाऊनला जायचं तरी वळसा घालून मागच्या रस्त्यानं जायचे. कुणी समोर आलं तर मान खाली. परत येतो म्हणून घरोघर शब्द दिलेला, आणि आता कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न. पडलेल्याला कोण विचारतो, हे माझंच वाक्य त्यांनी खरं मानलं होतं. मला फार वाईट वाटलं, पण त्यांना काय सांगावं ते सुचेना. त्यावर नागरिकशास्त्रात धडा नाही.

एका सकाळी पद्माअक्का आमच्या गल्लीत आल्या. शेठ ओट्यावर दोरखंड गुंडाळत बसले होते.

"लेक गेली सासरी. झोळी काढायची हाय," अक्का म्हणाल्या. "गाठ सुटेना. तुमी बांधली, तुमीच सोडा. चहा ठेवलाय."

मी अक्कांकडे बघतच राहिलो. मागावर तुटलेला धागा न बघता सांधणारी बाई. आणि सुटायचं टोक तर माझ्यासमोर दाखवलेलं. पण अक्कांचा चेहरा अगदी गरीब.

"लई सोपी हाय की ती," म्हणत शेठ उठले. मीही मागोमाग गेलो. पुढच्या दारानं आत गेलो, चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, जेवूनच जा म्हणून अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. शेठ मान वर न करता जेवले. त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, चटणी तिखट हाय.

मग स्टूलवर चढून त्यांनी टोक ओढलं. झोळी एका झटक्यात खाली आली.

"आता तिथंच नातवाला झोका बांधा, लेक परत येईल तवा लागंल," अक्का म्हणाल्या.

त्यांनी झोका बांधला. मी खालून बघत होतो. गाठ तीच, मेंढरांच्या जाळीची. फक्त या वेळी सुटायचं टोक त्यांनी कुणाला दाखवलं नाही. हळूच आत दाबून टाकलं.