विद्यासाठी दोन तासांची शांतता

त्या बुधवारी मकरंदने ऑफिसला दांडी मारली ती निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचा प्रकार वाचून कुणाचाही समज उलटाच होईल.

मकरंद बेंगळुरातल्या महादेवपुऱ्यात एका आयटी पार्कात मॅनेजर आहे. म्हणजे सकाळी ट्रॅफिकमध्ये बसून जातो, तिथे कंप्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी पुन्हा ट्रॅफिकमध्ये बसून परत येतो. याला जग 'कामावर जाणं' म्हणतं. विद्या घरातल्या मागच्या खोलीत बसून जपानी आणि इंग्रजीची दुभाषी म्हणून काम करते. समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कानाने घ्यायचं, तोंडाने दुसऱ्या भाषेत सोडायचं, आणि तेवढ्यात त्याचं पुढचं वाक्य कानात शिरलेलं असतं. (एकदा मराठी बातम्या ऐकता ऐकता हिंदीत सांगून बघा. तिसऱ्या वाक्याला पाणी मागाल.) तिची कमाई मकरंदच्या पगाराला खेटून उभी होती. पण ती उंबऱ्याबाहेर पडत नाही, तेव्हा बिल्डिंगच्या हिशेबी ती 'घरीच असते'. आणि घरीच असते म्हणून सगळ्यांची पार्सलं तिच्याकडे, सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि कुणाचाही प्लंबर आला की बेल तिची.

बिल्डिंगचं सोडा, घरातही वेगळं नव्हतं. सासरे मधुकरराव एका सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. गळ्यात ओळखपत्र नाही आणि कोपऱ्यावर कंपनीची बस येत नाही, अशी नोकरी असू शकते हेच त्यांना मान्य नव्हतं. "सूनबाईंना छंद चांगला आहे," असं ते नातेवाइकांना कौतुकाने सांगत. तेही मोठ्याने. उभी हयात यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही खालच्या पार्किंगपर्यंत पोचायचं.

तर त्या बुधवारी अकरा ते एक विद्याची परीक्षा होती. देवनहळ्ळीजवळची एक यंत्रं बनवणारी कंपनी आणि तिचे जपानी भागीदार यांना वर्षभरासाठी एकच दुभाषी नेमायचा होता. हे काम मिळालं की विद्या मकरंदला मागे टाकणार होती आणि 'छंद' हा शब्द घरातून कायमचा हद्दपार होणार होता. अडचण एकच होती. ती पायजमा घालून घरात वावरत होती आणि तिचं नाव मकरंद होतं.

कारण गेल्या महिन्यात याच लोकांच्या मीटिंगमध्ये मकरंद बाहेरून ओरडला होता, "विद्याऽऽ, माझे मोजे कुठायत?" विद्याच्या धंद्याचा नियम कडक. मीटिंगमध्ये जे ऐकू येईल ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तिने तेही वाक्य शांतपणे जपानीत सांगितलं. पलीकडच्या जपानी साहेबांनी, ओगावासाननी, गंभीर होऊन विचारलं, "मोजे हा यंत्राचा कुठला भाग?"

"हे बघ मकरंद," विद्या सकाळी म्हणाली, "तू ऑफिसला जा. तीच मला सगळ्यात मोठी मदत."

"छे! मी घरी थांबून शांतता राखणार. तोंडातून एक शब्द काढणार नाही. तुझी शपथ."

"माझी नको. तुझ्या प्रमोशनची घे."

त्याने तीही घेतली.

आणि मग तो खरोखर कामाला लागला. आधी वडिलांना चिकपेटच्या कापडबाजारात पिटाळलं. "बाबा, विद्याच्या खोलीला जाड पडदा हवाय, आवाज अडवणारा. कापडातलं तुम्हालाच कळतं." मधुकरराव खूश होऊन मेट्रोने निघाले. मग बेलची वायर काढली. बेल बंद म्हणजे लोक दार बडवणार, म्हणून दार सताड उघडं ठेवलं. चपलांचा आवाज नको म्हणून घरातली झाडून सगळी पादत्राणं दाराबाहेर नेऊन टाकली. पावलं वाजू नयेत म्हणून हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून मधे सतरंज्या अंथरल्या. भिंतीवर वडिलांच्या निरोपसमारंभाचा फोटो होता. गळ्यात झेंडूचा हार, चेहऱ्यावर समाधान. तो वाऱ्याने खटखट वाजायचा, म्हणून उतरवून स्टुलावर ठेवला. अंगातला पायजमा चालताना सळसळतो म्हणून पांढरा सुती झब्बा-पायजमा चढवला. कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस पेटवलाच नाही. मिक्सर नको म्हणून रात्रीच्या भाजीचे कांदे हाताने चिरायला घेतले आणि पाचव्या कांद्याला त्याचे डोळे लालभडक झाले.

शेवटी बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याने इंग्रजीत एक भारदस्त निरोप टाकला. त्याचा अर्थ असा, की 'आज आमच्या घरी शांततेची गरज आहे. विद्या कुणाशी बोलू शकणार नाही. कारण मागाहून कळवीन. आपण समजून घ्याल.' आणि शेवटी जोडलेले हात. मग फोन वाजू नये म्हणून बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला.

(माणसाने एवढा विचार ऑफिसात केला असता तर एव्हाना डायरेक्टर झाला असता.)

अकराला विद्याच्या खोलीचं दार लागलं. थोड्याच वेळात जिन्यावर हलकी पावलं वाजली. पहिल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या सकवारबाई. यांचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्यांनी दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला, सतरंज्या पाहिल्या, थंड स्वयंपाकघर पाहिलं, स्टुलावरचा हारातला फोटो पाहिला, आणि पांढऱ्या कपड्यांत लाल डोळ्यांनी उभा असलेला मकरंद पाहिला.

"अय्यो, मकरंदअण्णा!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "परवाच लिफ्टमंदी भेटले की रे! स्वल्प तरी त्रास झाला का, का झोपेतच?"

मकरंदने शपथ आठवून जोरजोरात मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं. मीटिंग ऑनलाइन आहे हे सांगायला त्याने आधी कानांवर हात ठेवले, मग बोट वर आकाशाकडे नेलं.

"सरी, सरी, समजलं," सकवारबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "वर गेले. ऐकवत न्हाई तुला. बस, बस तू."

पाठोपाठ समोरच्या फ्लॅटमधल्या अलकाताई आल्या, मग तिसऱ्या मजल्यावरचं रिटायर्ड जोडपं, मग ज्यांची पार्सलं विद्या रोज सांभाळते ते सगळे. कुणी इडल्यांचा डबा आणला, कुणी चित्रान्न. सगळे खाली मान घालून सतरंजीवर बसले. मकरंद हातवारे करतच होता आणि दर हातवाऱ्याला कुणीतरी उठून त्याला मिठी मारत होतं. मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. बिल्डिंग उभी राहिल्यापासून तिथे इतकी शांतता कधी पसरली नव्हती.

त्या शांततेत आतला आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला. विद्या बोलत होती. इंग्रजी, जपानी, पुन्हा इंग्रजी, न अडखळता, न थांबता. तीन माणसं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होती आणि ती तिघांनाही हातच्या बाहुल्यांसारखं सांभाळत होती. देवनहळ्ळीच्या बाजूचे मॅनेजर देवाप्पा चिडले की तिच्या जपानीलाही धार चढे. ओगावासान सावरून बोलले की तिचं इंग्रजी मऊ होई.

"बिचारी," सकवारबाई अलकाताईंच्या कानात म्हणाल्या, "सासऱ्याचा धक्का बसला. काय बी बडबडतेय बघा."

अलकाताईंनी मात्र मान वर केली होती. "बडबड नाही हो ही. ऐका तरी. हे सगळं ती रोज आत बसून करते? आणि मी मेली हिला दुधाच्या पिशव्या घ्यायला लावते!"

मकरंदची छाती झब्ब्यात मावेना. गेली चार वर्षं तो दाराबाहेरून जायचा, पण आज पहिल्यांदाच बसून ऐकत होता. (मोजे न शोधता ऐकलं की बरंच ऐकू येतं.)

आणि नेमके तेव्हा मधुकरराव परतले. चिकपेटच्या पहिल्याच दुकानात मनासारखं कापड मिळालं होतं. बगलेत गठ्ठा मारून ते दारात उभे राहिले, चपलांचा ढीग पाहिला, सतरंज्यांवरची माणसं पाहिली आणि काळजीने कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

"अरे, कोण गेलंऽऽ?"

सकवारबाईंनी वर पाहिलं. "अय्यो देवाऽऽ!" ही किंकाळी अख्ख्या बिल्डिंगने ऐकली. अलकाताईंच्या हातून इडल्यांचा डबा सुटला. मधुकररावांची नजर स्टुलावर गेली.

"हा माझा फोटो खाली कशाला? मी जिवंत आहे! ठणठणीत जिवंत आहे!"

आत क्षणभर सगळं थांबलं. मकरंदने डोळे मिटले. संपलं. वर्षाचं काम गेलं, बायको गेली, प्रमोशन गेलं.

मग विद्याचा आवाज आला. जरासुद्धा न चढलेला. आधी जपानीत, मग इंग्रजीत. "बाहेर एक गृहस्थ विचारतायत, कोण गेलं. एका बाईंनी देवाचा धावा केला. गृहस्थ म्हणतायत की ते जिवंत आहेत, ठणठणीत आहेत."

मग ओगावासान काहीतरी सावकाश म्हणाले आणि विद्याने तेही इंग्रजीत सांगितलं. "ओगावासान म्हणतात, ही आजच्या मीटिंगमधली सर्वांत चांगली बातमी आहे."

देवाप्पा खो खो हसत सुटले. त्या हसण्यातच विद्याने मघाशी अर्धं राहिलेलं वाक्य उचललं, अगदी ज्या शब्दावर सोडलं होतं तिथून, आणि यंत्राचा पट्टा पुन्हा फिरू लागला.

एकला दार उघडलं. बाहेर सगळी बिल्डिंग उभी. विद्याने फोटो पाहिला, सतरंज्या पाहिल्या, पांढरा झब्बा पाहिला आणि नवऱ्याला काहीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्याला ती पुरती ओळखून होती.

"मिळालं," ती म्हणाली. "ओगावासान म्हणाले, घरातली लाज निघत असतानाही जी एक शब्द गाळत नाही, ती आमचंही काही गाळणार नाही. मोज्यांच्या दिवसापासूनच त्यांच्या मनात होतं म्हणे."

मधुकररावांनी पडद्याचा गठ्ठा सुनेच्या हातात ठेवला आणि घसा साफ केला. "सूनबाई, तुमच्या ऑफिसचं माप सांगा. शिंपी मी आणतो." 'ऑफिस' हा शब्द खालच्या पार्किंगपर्यंत गेला.

मग सांडलेल्या वगळून उरलेल्या इडल्यांवर सगळ्यांनी ताव मारला. ज्यांच्या दुखवट्याला आणल्या होत्या त्यांनी सर्वांत जास्त खाल्ल्या.

"मी म्हटलं होतं ना," मकरंदने दोन तासांनी तोंड उघडलं, "मी एक शब्द बोलणार नाही?"

विद्याने त्याच्यापुढे उरलेले कांदे सरकवले.

हल्ली विद्याची मोठी मीटिंग असली की दार उघडं ठेवावं लागत नाही, बेलही काढावी लागत नाही. ती सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच ओळ टाकते, 'आज मकरंद ऑफिसला गेला आहे.' सगळे निश्चिंत होतात. आणि त्या ओळीखाली सर्वांत पहिला अंगठा उमटतो तो मधुकररावांचा.